बोचलं की हात वर

बातमी आली तेव्हा मी परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षणाला होते. मोबाइल स्टाफरूममध्ये, पर्सच्या तळाशी, आवाज बंद करून ठेवलेला. आमच्या शाळेचे शिपाई गणूमामा दारात येऊन उभे राहिले आणि काही बोलेचनात. हा माणूस एरवी जिन्यापासूनच बोलत येतो. मुलांनीही पेपरातून माना वर केल्या. मी बाहेर गेले तेव्हा म्हणाले, "मॅडम, रोह्यावरनं फोन हाय… तुमच्या भावाच्या कंपनीतला कोन तरी. तुमीच बोला." खरं सांगते, मला आधी राग आला. हरेशच्या बाबतीत माझं कायम असंच व्हायचं, आधी राग आणि मग काळजी. वाटलं, पडला असणार बाइकवरून, डोक्यात त्याचे ते सूर चालू असतील आणि खड्डा दिसला नसेल. ऑफिसातला फोन कानाला लावला. पलीकडचा माणूस फार हळू आणि फार सभ्यपणे बोलत होता. कंपनीतला माणूस एवढं सभ्य उगाच बोलत नाही. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळलं.

हरेश माझा धाकटा भाऊ. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, आणि निडीला स्टेशनपासून जवळ आईबरोबर राहायचा. उरलेल्या वेळात घरातल्या मागच्या खोलीत बसून एकट्यानं संगीत करायचा. गिटार तोच वाजवणार, कीबोर्ड तोच, ढोल-ताशे कॉम्प्युटरमधून काढणारही तोच. या संगीताला स्पेस रॉक म्हणतात, असं त्यानं मला सांगितलं होतं. त्यात शब्द नाहीत. एक तुकडा संपायला वीसेक मिनिटं लागतात, आणि पहिली पाच मिनिटं तर काही सुरू झालंय की यंत्र बिघडलंय हेच कळत नाही. "ताई, डोळे मिटायचे आणि वर वर जायचं. खाली पृथ्वी लहान होत जाते," तो म्हणायचा. मी विचारलं, "आणि परत कधी यायचं?" तर म्हणाला, "ते गाणं ठरवतं." मी म्हटलं, पेणहून एसटीत बसलं की माझंही तसंच होतं, परत कधी यायचं ते एसटी ठरवते. त्यावर तो खूप हसला होता. 'खाजण' या नावानं तो आपली गाणी इंटरनेटवर सोडायचा. भरतीचं पाणी जिथं शिरतं आणि तिवरं माजतात ती खाडीकाठची जमीन म्हणजे खाजण. जगात कुठं कुठं बसलेली थोडी माणसं ती ऐकत आणि त्याला लिहीत. आमच्या गावात मात्र त्याला कोणी संगीतकार म्हटल्याचं मला आठवत नाही. या पुरवणीच्या संपादकांनी फोनवर 'तुमचे संगीतकार बंधू' असं म्हटलं तेव्हा क्षणभर मला, ते कोणाबद्दल बोलताहेत, असंच वाटलं.

आमचं मूळ गाव पेणच्या खाडीकाठचं. वडील मिठागरावर होते, ते लवकर गेले. आई धवलारीण. आजकालच्या वाचकांना सांगावं लागेल, म्हणून सांगते. आमच्याकडं लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले म्हणायचे असतात, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. जुनी माणसं म्हणत, भटजी उशिरा आला तरी चालेल, धवलारीण आल्याशिवाय लग्न लागत नाही. आई हिरूबाय या नावानं सगळ्या पट्ट्यात माहीत होती. तिला न्यायला टेम्पो यायचा, आणि आम्ही दोघं तिच्याबरोबर. मी लाडू कुठं ठेवलेत ते शोधायचे. हरेश आईच्या मांडीला टेकून बसायचा. धवला म्हणजे घाई नाही. एकच चाल, पुन्हा पुन्हा, तासन्‌तास. एक बाई सोडते, दुसरी उचलते, मधे कोणी पान लावतं, कोणी रडून घेतं, चाल चालूच. हरेश त्यात झोपी जायचा आणि चाल थांबली की जागा व्हायचा. लोक हसायचे. आता वाटतं, त्याच्या त्या वीस वीस मिनिटांच्या गाण्यांचं बी कुठल्या परदेशी तबकडीत नव्हतं, तिथंच कुठं तरी मांडवात पडलं होतं.

मोठा झाल्यावर तो हळदीच्या बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायला लागला. रायगडात हळद म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आख्खं गाव नाचतं. तिथं हरेशनं एकदा काय करावं? खाडीपलीकडच्या एका गावात, नवरदेवाला हळद लागलेली, पोरं गुलाल घेऊन तयार, आणि यानं कीबोर्डवर एक सूर धरला तो सोडेचना. त्यावर दुसरा चढवला, मग तिसरा. केदार, त्याच्या शेजारी ऑक्टोपॅड वाजवणारा त्याचा मित्र, काठ्या हातात घेऊन नुसता बघत बसला. शेवटी नवरदेवाचा मामा पुढं आला आणि म्हणाला, "आरं, गानं कवा चालू व्हनार?" हरेश म्हणाला, "मामा, हेच गाणं हाय." त्या दिवसानंतर पार्टीच्या मालकानं त्याला बोलावलं नाही. केदार मात्र टिकला. आता त्याचं पेणला साउंड सिस्टिमचं दुकान आहे, आणि हरेशची गाणी इंटरनेटवर चढवायचं काम शेवटपर्यंत तोच करत होता. ती गोष्ट तो आजही सांगतो, आणि सांगताना मामाचा आवाज हुबेहूब काढतो. सुतकात सांगितली तेव्हा मात्र मामाचं वाक्य त्यानं आपल्याच आवाजात म्हटलं.

आयटीआय करून हरेश कंपनीत लागला आणि आईला घेऊन निडीला राहायला गेला. त्याची जागा कॉम्प्रेसर हाऊसमध्ये, हवा दाबणाऱ्या मोठाल्या यंत्रांपाशी. तिथं मी एकदा, कंपनीत घरच्यांना बोलावतात तेव्हा गेले होते. दारातच छातीत धडधडायला लागलं, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. कानात घालायला सगळ्यांना बोंडं देतात, मलाही दिली. हरेश मात्र आपली बोंडं काढून खिशात ठेवायचा. साहेब दिसले की घालायचा, गेले की काढायचा. मी ओरडले तर म्हणाला, "अगं, मोठा कॉम्प्रेसर सा धरतो, आणि ते मागचे पंखे त्याच्यावर पंचम. एवढा मोठा तानपुरा मला कोण देणार ताई?" आता या माणसाला काय म्हणावं? दुसऱ्या कोणाला तिथं गोंगाट ऐकू यायचा, याला मैफल. मोबाइलवर तो घुमारा त्यानं भरून आणला होता, आणि त्याच्या कितीतरी गाण्यांच्या तळाशी तो आहे. ज्यांनी ती ऐकली त्यांना वाटत असेल, काय तरी मोठं अंतराळयान चाललंय. ते रोह्याचं कॉम्प्रेसर हाऊस आहे.

मागच्या खोलीची तर वेगळीच कथा. आवाज बाहेर जाऊ नये, आत घुमू नये, म्हणून भिंतींना काही तरी मऊ लावावं लागतं. लोक फोम लावतात. हरेशनं गावाकडच्या घराच्या माळ्यावरून वडिलांच्या वेळच्या गोणी आणल्या. मिठाच्या गोणी. जाड, दाट विणीच्या, एकावर एक शिवून त्यानं चारी भिंती मढवल्या आणि उन्हाळाभर खूश होता. मग पाऊस लागला. गोणींत वर्षानुवर्षांचं मीठ मुरलेलं, त्यांनी हवेतलं सगळं पाणी ओढून घेतलं. भिंती पाझरायला लागल्या, गिटारच्या तारा गंजल्या, वायरींच्या टोकांना हिरवं चढलं. मिठागरवाल्याच्या पोरानं मीठ पाणी ओढतं हे विसरावं! गावभर हसं झालं. आईनं त्या सगळ्या गोणी उतरवल्या, विहिरीवर नेऊन धुतल्या, बडवल्या, पुन्हा धुतल्या आणि उन्हाळ्यात कडकडीत वाळवून परत शिवल्या. धुताना चव घेऊन बघायची, खारटपणा गेला का. त्या गोणी अजून भिंतींवर आहेत.

आणि त्या खोलीत, टेबलासमोर, एक निळी प्लास्टिकची खुर्ची. ती आईची. सुट्टीच्या दिवशी चहा झाला की हरेश हाक मारायचा, "आये, ये गो." आई पदर डोक्यावर घेऊन जायची, खुर्चीत बसायची, आणि तो पदरावरूनच मोठे काळे हेडफोन तिच्या कानांना लावायचा. विमान चालवायला बसलेली आजीबाई दिसायची ती. डोळे मिटून ऐकायची. त्यांच्यात एक नियम होता. बोचलं की हात वर कर. ऐकता ऐकता आईचा हात वर गेला की हरेश समोरचं एक बटन हळूहळू फिरवायचा, तिचा हात खाली येईपर्यंत. मग पुढं. मी सुट्टीला जायचे तेव्हा हा खेळ बघायचे आणि चिडवायचे, "काय आई, कळतं का काही?" ती म्हणायची, "कलाय काय पायजे? ह्यो धवलाच हाय गो, तोंड बंद ठेवून बोललेला." हरेशला त्या वाक्याचा एवढा आनंद झाला होता की त्यानं ते कोणाकोणाला लिहून पाठवलं. मला वाटायचं, लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, तर आईची करमणूक करतोय. सगळ्या पट्ट्यातली लग्नं लावणाऱ्या बाईचा मुलगा बिनलग्नाचा राहिला, यावर गाव बोलायचं ते वेगळंच. त्याची गाणी ऐकणारे लोक त्याला लिहायचे, तुमचा आवाज किती मऊ आहे, उंच स्वरसुद्धा कानाला लागत नाही, हे कसं जमवता? तो उत्तर द्यायचा, घरगुती पद्धत आहे.

शेवटचा भेटला तो माझ्या घरी, पेणला रामवाडीत. केदारकडून कसलीशी वायर घ्यायला आला होता, ती घेऊन जेवायला आला. मी भात लावलेला. टेबलापाशी बसून टेबलावर बोटं वाजवत म्हणाला, नवीन एक गाणं झालंय, आजवरचं सगळ्यात चांगलं आहे, फक्त आईनं ऐकायचं राहिलंय. मी म्हटलं, मग ऐकव की. म्हणाला, "ही शिफ्ट बदलली की." मग विचारलं, "कुकर लावलास का गं?" कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या होत्या. मी म्हटलं, तू कुठल्या ग्रहावर असतोस रे? तो हसला आणि ताट घेऊन बसला. जाताना दारात बूट घालता घालता एक सूर गुणगुणत होता, तेवढं आठवतं…

कंपनीजवळ रस्त्याच्या कडेला टपरी आहे. शिफ्ट सुटल्यावर तिथं चहा घेत तो उभा होता, रस्त्याकडं पाठ करून. एक टँकर मागं येत होता. मोठी गाडी मागं घेताना ती बारीक, तीक्ष्ण टीं-टीं वाजते ना, ती वाजत होती. टपरीवरची माणसं बाजूला झाली. हरेश हलला नाही. ड्रायव्हर घाटावरचा तरुण मुलगा. दवाखान्याच्या आवारात मी त्याला बघितलं तेव्हा तो जमिनीवर बसला होता. मला कोणी सांगितलं, हाच तो, आणि मी जे तोंडाला येईल ते बोलले. तो एकच सांगत राहिला, "ताई, आवाज चालू होता हो. सगळ्यांनी ऐकला. ते हललेच नाहीत." मी म्हटलं, खोटं बोलतोस. मला त्याचा आवाज, त्याचं रडणं, त्याचा चिखलानं भरलेला बूट, सगळ्याचा संताप येत होता. ठरवलं, सोडायचं नाही. वकील बघायचा, त्या टँकरच्या मालकाला कोर्टात उभं करायचं. रागाला एक जागा मिळाली होती आणि मी ती घट्ट धरून होते.

तेरावं झालं. नातेवाईक गेले. निडीच्या घरी आई आणि मी दोघीच. ओट्यावर बसून आई वाल सोलत होती. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलायचे, हे काम हाताला चाळा म्हणून बरं. मी वकिलाबद्दल बोलत होते, तावातावानं. आई खाली बघतच म्हणाली, "त्या पोराला कशाला गुतवतंस गो. त्याची गाडी वाजत व्हती. हरेशला ती आयकाय येत नव्हती."

मला वाटलं, दुःखानं काही तरी बोलतेय. मग ती सांगायला लागली, तशीच सोलत सोलत. मागं एका पावसाळ्यात, तिन्हीसांजेला, दोघं इथंच ओट्यावर बसलेले. हरेश अंगणाकडं बघत म्हणाला, "आये, औंदा रातकिडं कुठं गेलं गो?" आई म्हणाली, "मी बोलले, आरं हे काय वरडतायत, कान किटलं माजं. तवा त्यानं माज्याकडं बघितलं… नि मना कललं." त्यालाही तेव्हाच कळलं. बारीक, तीक्ष्ण आवाज त्याच्या कानातून गेले होते. कॉम्प्रेसरच्या तानपुऱ्यानं त्याची किंमत घेतली होती. माणसाचं बोलणं ऐकू यायचं, गिटारचा खर्ज ऐकू यायचा, वरचं सगळं पुसलेलं. आणि वरचे स्वर ज्याला ऐकू येत नाहीत तो ते वाढवत नेतो, वाढवत नेतो, आपल्याला ऐकू येईपर्यंत. दुसऱ्याच्या कानात ती सुई. म्हणून ती निळी खुर्ची. म्हणून बोचलं की हात वर. मी ज्याला खेळ समजत होते ते काम होतं. माझा भाऊ आईच्या कानांनी गाणी करत होता.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. आई म्हणाली, "त्यानं शपथ घातलेली. बोलला, ताय ओढत नेल डाक्टरकडं, नि डाक्टर बोलंल, सगला बंद कर." ते खरंच होतं. मी ओढत नेलं असतं. मी आत गेले आणि भांडी घासली, घासली म्हणजे आपटली. आईवर राग, हरेशवर राग, आणि ज्याच्यावर हक्कानं रागवायचं तो ड्रायव्हर तर खरं बोलत होता. रागाची जागाच काढून घेतली तिनं. बाहेर आले तेव्हा आई वालाच्या टरफलांकडं बघत म्हणाली, "मना ठाव व्हतं नि मी गप रायले. मंग गुन्हेगार कोन, तूच सांग." मी ती टरफलं गोळा करायला लागले.

पुढच्या आठवड्यात केदार आला. हरेशचा कॉम्प्युटर उघडून त्यानं सगळं नीट बघितलं. झालेली गाणी एका ठिकाणी, आणि दुसऱ्या ठिकाणी, 'आईनं ऐकायचंय' असं लिहिलेल्या फोल्डरात, एकच गाणं. तेच, सगळ्यात चांगलं. केदारनं ते ऐकलं, आणि हेडफोन काढून बराच वेळ कपाळ चोळत बसला. "ताई, काय केलंय या माणसानं… पण मधे एक जागा आहे, सहन होत नाही. कानात तार घातल्यासारखं. मी कमी करू का? दोन मिनिटांचं काम आहे. इंटरनेटवर ऐकणारे लोक विचारतायत, शेवटचं काही आहे का म्हणून." मी म्हटलं, ते मी कोण सांगणार, ते आईचं काम आहे. केदारला ते पटलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी नाय आयकनार." का, तर म्हणाली, "मी हात वर केला, तर बटन कोन फिरवनार?"

त्यानंतर तिनं मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. धवलेही बंद केले. एका लग्नाला नाही म्हणाली, मग दुसऱ्याला. घरातसुद्धा एरवी तिच्या तोंडात कायम एखादी ओळ असायची, भाकरी थापताना, अंगण झाडताना. ती गेली. टीव्ही लावला तर बंद कर म्हणायची, फोन वाजला तर उशीखाली सारायची. आवाजाचंच वावडं झालं. मी शनिवारी शाळा सुटली की निडीला जायचे, सोमवारी पहाटे परत. दर खेपेला आई थोडी आणखी लांब गेलेली असायची. भाऊ तर गेलाच होता. आता आईही हळूहळू ऐकू न येणाऱ्या ठिकाणी चालली होती, आणि तिला हाक मारायची कशी हे मला कळत नव्हतं. मी वर्गात पन्नास पोरांना गप्प करू शकते. एका बाईला बोलतं करणं मला जमेना.

मागच्या रविवारी शेजारच्या गावातली माणसं धवलारणीच्या मानाचा नारळ घेऊन आली; तो घरात घेतला की होकार. मुलीचं लग्न. मुलीची आई पुढं येऊन म्हणाली, "हिरूबाय, माजं लगीन तुमीच लावलं. हिचं बी तुमीच लावा." आई म्हणाली, "माज्या कानाला आता काय सोसवत नाय गो. दुसरी बघ." ती बाई वाद घालत बसली नाही. पण नारळ परत नेला नाही, ओट्यावर तसाच ठेवून माणसं गेली. आई त्या नारळाकडं बघत बसली. मी चहा ठेवला. चहा झाला. कप खाली ठेवून ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि मागच्या खोलीचं दार ढकललं. मी मागोमाग गेले. ती निळ्या खुर्चीत बसली होती. म्हणाली, "लाव."

मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. केदारनं जाताना दोन बटनांवर माझ्या पाकिटातल्या टिकल्या चिकटवून ठेवल्या होत्या. लाल म्हणजे सुरू, हिरवी म्हणजे ते फिरवायचं बटन. मी पदरावरून हेडफोन लावले आणि लाल टिकली दाबली. मला काही ऐकू येत नव्हतं, नुसतं आईच्या चेहऱ्याकडं बघत होते. सुरुवातीला काहीच नाही, पाच मिनिटं असतील, तीच त्याची नेहमीची. मग तिचा पायाचा अंगठा हलायला लागला. मग ओठ. धवल्यात दुसरीनं ओळ उचलायच्या आधी आई जशी हनुवटी पुढं करते तशी तिनं ती केली, आणि थांबली. आणि मग हेडफोनच्या कडेतून, त्या सगळ्या गाद्यांतून आणि पदरातून बाहेर मलासुद्धा ऐकू आलं. बारीक, चिरत जाणारं, न थांबणारं. आईचा चेहरा आक्रसला. तिचा हात वर गेला.

मी हिरव्या टिकलीकडं हात नेला. आईनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. डोळे मिटलेलेच. कानात तो कल्लोळ असल्यानं ती मोठ्यानं बोलली, खोलीभर. "नको. रातकिडं हायत गो. असू दे. एवढं वाढवलं, तवा त्याला आयकाय आलं."

मी बटनावर हात ठेवून बसून राहिले. फिरवलं नाही. आईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, दुखल्यामुळं की कशामुळं ते मी विचारलं नाही. तिन्हीसांजेला ओट्यावरचा नारळ उचलून तिनं आत ठेवला. केदारला मी फोन करून सांगितलं, काही कमी करू नकोस, जसं आहे तसं जाऊ दे. गाणं इंटरनेटवर गेलं. तेव्हापासून ऐकणारे विचारताहेत की यांचा आवाज तर इतका मऊ असायचा, याच गाण्यात ती एक जागा अशी का सोडली? काय उत्तर देऊ, असं केदारनं मला विचारलं. मी म्हटलं, लिही, बोचलं तर हात वर करा, आमच्या घरी तसंच करतात. काल परत निडीला होते. चहा झाल्यावर आई आपली आपण उठली, खुर्चीत जाऊन बसली, आणि त्या जागेला हात वर केला. रातकिडे थांबेपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.